करवतीवाली फिल्लम

मारोतराव धकाते सिनेमाला जायचे ते लुगडी पाहायला.

हे वाचून तुमच्या मनात जे आलं ते आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मनात तुमच्याआधी येऊन गेलेलं आहे, तेव्हा ते सोडून द्या. लुगड्यातल्या बाईशी त्यांना काही घेणंदेणं नसे. नायिकेचं लग्न कोणाशी लागलं, ती शेवटी जगली की मेली, हे त्यांना थेटराबाहेर आल्यावर विचारलं तर आठवायला वेळ लागे. पण तिच्या लुगड्याचा काठ किती बोटं होता, सूत बारीक होतं की जाडं, कापड हातमागाचं होतं की पावरलूमचं, हे ते चालता चालता सांगत. आणि सांगत ते असं, की आपण तीन तास डोळे मिटून बसलो होतो की काय, अशी शंका यावी.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात मी वरिष्ठ लिपिक होतो आणि मारोतराव दफ्तरी. जुनी कागदपत्रं कापडी बस्त्यांत बांधून फळीवर चढवायची आणि कोणी मागितली की खाली काढायची, हे त्यांचं काम. बस्त्याच्या कापडालाही त्यांच्या हातून सुटका नव्हती. नवीन कापड आलं की ते चिमटीत धरायचे, एक धागा ओढायचे आणि निकाल द्यायचे, "कामठीचा माल. दोन पावसाळे." तिसऱ्या पावसाळ्यात बस्ता फाटून कागद खाली पडले की आम्हाला त्यांचाच राग यायचा. खरं बोलणाऱ्याचा राग येणं ही आमच्या ऑफिसची जुनी पद्धत होती.

घराणं कोष्ट्याचं, उमरेडचं. आजा, पणजा सगळे मागावर बसलेले. माग सोडून सरकारी चाकरी धरणारे मारोतराव पहिलेच. खाकी अंगावर चढली, दर महिन्याला पगार मिळू लागला, पण नजर कोष्ट्याची ती कोष्ट्याचीच राहिली.

एकदा आम्ही ऑफिसातले चौघं सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या, एका थेटरात दुपारच्या खेळाला गेलो होतो. पडद्यावर नायकाची आई मरत होती. अख्खं थेटर हुंदके देत होतं, आमच्या हेडक्लार्कनी तर रुमाल डोळ्यांवरून काढायचं नावच सोडलं होतं. आई शेवटचे दोन शब्द बोलणार म्हणून सगळं शांत झालं आणि त्या शांततेत मारोतरावांचा आवाज आला, "चादर मिलची हाये." मागच्या रांगेत कोणी तरी फिस्सकन हसलं आणि मग ती बाई मरेपर्यंत लोक हसतच राहिले. हेडक्लार्क आठ दिवस मारोतरावांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या एका सिनेमात दोनशे वर्षांपूर्वीची राणी होती. मध्यंतरात मारोतराव उठले ते थेट मॅनेजरच्या खोलीत. राणीच्या अंगावर पावरलूमचं लुगडं आहे आणि दोनशे वर्षांपूर्वी पावरलूम कुठून आला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मॅनेजर म्हणाला, अहो, मी फक्त तिकिटं विकतो. मारोतराव म्हणाले, विकता ना, मंग माल पाहून विका.

रस्त्यातही तेच. एकदा व्हरायटी चौकातून एका बाईच्या मागे ते अर्धी बर्डी चालत गेले. तिच्या नवऱ्याने शेवटी त्यांना कॉलरला धरलं. मारोतराव हात जोडून म्हणाले, मी तुमच्या बायकोकडे पाहून राहिलो नव्हतो, काठाकडे पाहून राहिलो होतो. यावर नवऱ्याने जे केलं त्याने त्यांचा ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठाने ऑफिसात आले आणि म्हणाले, "काठ मात्र असली होता, साहेब. मानूस खोटं बोलते, कपडा नाही बोलत."

हे त्यांचं पालुपद. दिवसातून दोनदा तरी यायचंच.

सिनेमाचं नाव ते कधी घेत नसत. एक जरीवाली फिल्लम, एक टेरिलिनवाली, एक वायलवाली. त्या सिनेमांची खरी नावं आता मीही विसरलो आहे आणि मारोतरावांनी ठेवलेली तेवढी लक्षात आहेत. म्हणून इथेही तीच वापरतो.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. मी त्या काळी सिनेमा कळणारा माणूस होतो. म्हणजे मला जो आवडला तो ज्याला आवडला नाही त्याला सिनेमा कळत नाही, असं मानणारा. ऑफिसच्या मनोरंजन मंडळाचा मी सचिव होतो. दर जानेवारीत आमच्याकडे एक प्रकार चाले. गेल्या वर्षातला आपला सगळ्यात आवडता सिनेमा प्रत्येकाने सांगायचा, तोही एकच. का आवडला ते उभं राहून दोन मिनिटांत पटवायचं. मग चिठ्ठ्या टाकायच्या. जो सिनेमा जिंकेल त्याचा खास खेळ मंडळ एका रविवारी सकाळी बर्डीतल्या थेटरात लावून घेई आणि सगळे बायकापोरं घेऊन फुकटात जात. समान मतं पडली तर निर्णायक मत सचिवाचं. हा नियम मीच केला होता.

मारोतराव या भानगडीत कधी पडत नसत. त्यांची वर्षाची आवड विचारली तर म्हणत, सालभरात एकही धड लुगडं नाही दिसलं. पण अडुसष्ट सालच्या सिनेमांची निवड करायची वेळ आली तेव्हा ते पहिल्यांदा उभे राहिले.

त्यांनी सांगितलेला सिनेमा आमच्यापैकी कोणी पाहिलाही नव्हता. साधा, काळापांढरा, कोण्या नवख्या माणसाने काढलेला. बर्डीत तो सहा दिवस चालला होता आणि त्यातले पाच दिवस मारोतरावांमुळेच, असं आम्ही म्हणत असू. त्या आठवड्यात ते रोज तीनच्या खेळाला गायब व्हायचे. बस्ते न मिळाल्याने साहेब ओरडले, मेमो दिला, तरी गेले. त्या सिनेमाचं नाव त्यांनी ठेवलं होतं करवतीवाली फिल्लम.

करवती म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ. आमच्याकडच्या कोष्ट्यांची ती खासियत. काठाला सूत वाहून नेणारा एक धोटा, अंगाला एक, पलीकडच्या काठाला आणखी एक, असे तीन धोटे फेकत दात विणत जायचं. एक दात चुकला की सगळ्या काठात तेवढाच डोळ्यात भरतो.

मारोतरावांनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते असं: या सिनेमात नायिका गाव सोडून जाते, तेव्हा नदीकाठी पाच-सहा बाया उभ्या राहतात. त्यातली एक आपल्याकडे पाठ करून उभी आहे. तिच्या अंगावर करवती लुगडं आहे आणि सात आकडे मोजेपर्यंत त्याचा काठ पडद्यावर दिसतो.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे दुसरा सीन लागते," मारोतराव म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. त्यांना तो सिनेमा परत आणायचा होता, आणि तो फार निकडीने आणायचा होता. पुढचे आठ दिवस त्यांनी जो प्रचार केला तसा वॉर्डाच्या निवडणुकीतही कोणी करत नाही. शिपायांची मतं त्यांची होतीच. टायपिस्ट बायकांना इतवारीत नेऊन त्यांनी लग्नाची लुगडी निवडून दिली होती, त्यांनीही शब्द दिला. एरवी मागितलेली फाइल ते तासाभराने आणायचे, त्या आठवड्यात मागायच्या आधी टेबलावर. हेडक्लार्कच्या घरी जाऊन त्यांनी मरत्या आईच्या चादरीबद्दल माफी मागितली. इतकं सगळं कशासाठी, हे मात्र एकाही शहाण्याने विचारलं नाही. त्या शहाण्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा चौदा मतं करवतीवालीला पडली होती आणि चौदा मी सुचवलेल्या सिनेमाला. माझा सिनेमा गंभीर होता. त्यात एक माणूस खिडकीत बसतो आणि बराच वेळ बसतो. मला तो कळला होता, किंवा निदान तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. निर्णायक मत माझं. मत देऊन गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मला भाषण करायची खोड. कला म्हणजे काय, यावर मी पाच मिनिटं बोललो आणि शेवटी मारोतरावांकडे वळून म्हणालो, लुगडंच पाहायचं असेल तर सिनेमा कशाला, दुकानात जावं.

ऑफिस खो खो हसलं. मारोतराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फळीवरचा एक बस्ता खाली काढला, सोडला आणि पुन्हा बांधत बसले. आपण फार छान बोललो असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

माझ्या सिनेमाच्या खास खेळाला निम्मं ऑफिस मध्यंतरात घरी गेलं आणि उरलेलं झोपलं. मारोतराव आले होते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "त्याच्या खिडकीचा पडदा चांगला होता, साहेब. खादी." तो टोमणा होता की कौतुक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग दोन वर्षं गेली. एका शनिवारी मारोतराव माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. करवतीवाली उमरेडला लागली होती, तीही एकच दिवस, रविवारी दुपारी एकच खेळ. म्हणाले, "चला साहेब. तुमी पाह्यली नाही ना ते." मी कशाला गेलो म्हणाल, तर सोमवारी ऑफिसात सांगायला एक चांगला किस्सा मिळेल म्हणून. माणसाने स्वतःबद्दल एवढं तरी खरं लिहावं.

रविवारी सकाळच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. नागपूर मागे पडलं आणि मारोतराव खिडकीबाहेर पाहत बोलायला लागले. एरवी कपड्याशिवाय न बोलणारा माणूस. त्या दिवशीही कपड्याबद्दलच बोलले, पण या वेळी घरच्या.

त्यांच्या वडिलांनी विणलेलं शेवटचं लुगडं घेऊन बापलेक इतवारीतल्या एका व्यापाऱ्याकडे गेले होते. मारोतराव तेव्हा विशीचे. व्यापाऱ्याने पदर उघडला, काठावर बोट फिरवलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर लुगडं परत फेकलं. पदराजवळ करवतीचे दोन दात चुकले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरायला लागला होता, पण ते तोवर कोणालाच, त्यालासुद्धा, ठाऊक नव्हतं. चार लोकांत मान खाली गेली म्हणून मारोतराव तापले आणि तिथेच, त्या दुकानात, बापाला म्हणाले, "बा, तुह्या हातात आता काही राह्यलं नाही. माग इकून टाक."

 म्हाताऱ्याने लुगडं रामटेकच्या जत्रेत मिळेल त्या भावात विकलं. आठवडाभरात माग विकला. त्यानंतर घरात कोणी मागाचा विषय काढला की तो उठून अंगणात जायचा.

"सहा वर्सांनं मले ते लुगडं दिसलं, साहेब," मारोतराव म्हणाले. "पडद्यावर. रामटेककडेच शूटिंग झाली होती, तठल्याच बाया उभ्या केल्या होत्या त्याईनं. पदराच्या टोकापासून एक वीत, अन् त्याच्या खाली चार बोटं. दोन दात. ढुंगणाखालची खुर्ची सरकली माह्या."

मी विचारलं, वडिलांना तेव्हाच का नाही दाखवलं? बर्डीत लागला होता तेव्हाच?

त्या सहा दिवसांत म्हातारा आजारी होता, त्याला हलवता येत नव्हतं. हिंडूफिरू लागला तोवर सिनेमा गेला होता. "तवा एका डोयानं दिसे त्याले. म्हटलं आपल्या ऑफिसात जिकला तं परत लागन. बाले आनून बसवीन समोर. फेकलेलं लुगडं एवढ्या मोठ्या पडद्यावर चढलं, एवढंच त्याले दाखवाचं होतं मले. मले काही म्हना लागलं नसतं मंग."

"आणि आता?"

"आता काहीच नाही दिसत त्याले."

 लुगडंच पाहायचं असेल तर दुकानात जावं, हे माझं वाक्य उमरेड येईपर्यंत माझ्या कानात वाजत होतं, आणि या वेळी त्याला कोणी हसत नव्हतं.

उमरेडचं थेटर म्हणजे टिनाची शेड. तुझं फेकलेलं लुगडं पडद्यावर आहे, एवढं सांगून म्हाताऱ्याला मारोतरावांनी हाताला धरून आणलं. पांढरं स्वच्छ धोतर, करवती काठाचं, स्वतःच्याच हातचं. मी शेजारी बसलो. मारोतरावांनी माझी ओळख करून दिली: ऑफिसातले साहेब, सिनेमा फार समजते त्याईले. म्हातारा माझ्या दिशेने तोंड करून हसला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सिनेमा सुरू झाला आणि बापाच्या कानात मुलाचं समालोचनही सुरू झालं. गोष्ट काय चालली आहे हे दोघांपैकी कोणालाच नको होतं. सावकार आला, टेरिलिनचा शर्ट. नायिका आली, मिलचं पातळ. नायकानं धोतर घातलं का, म्हाताऱ्याने विचारलं. घातलं, पण नेसवलं दुसऱ्यानं. पुढच्या रांगेतली एक बाई वळून म्हणाली, "काहून बडबड करून राहिले वं हे दोघं?" म्हाताऱ्याने तिचं पातळ आवाजावरूनच ओळखलं असावं. म्हणाला, "तुहं पातळ नायलानचं हाये, बाई. वाजून राह्यलं." बाई पुन्हा पडद्याकडे वळली.

मग नदी आली. मारोतरावांनी बापाचा हात घट्ट धरला. म्हणाले, "आलं बा. आता." पाच-सहा बाया उभ्या राहिल्या. एक पाठमोरी. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चुकलेले दात खरोखर होते. पदराच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक दात नाही, त्याखाली चार बोटांवर आणखी एक नाही. पडद्यावर ते दोन खळगे तळहाताएवढे दिसत होते. आंधळ्याशिवाय कोणालाही दिसले असते.

म्हातारा एवढंच म्हणाला, "दात चुकलेले दिसून राह्यले का रे?"

आठ वर्षं ज्या प्रश्नाची तयारी केली होती, तो आला तेव्हा मारोतराव कचरले. बापाला पुन्हा एकदा, पुन्हा लोकांत, चुकलं म्हणायचं? ते म्हणाले, "नाही बा. एक बी नाही चुकला. सरळ हाये काठ."

म्हाताऱ्याने माझ्याकडे तोंड वळवलं. "साहेब, तुमी सांगा."

मी आयुष्यभर वाईटाला वाईट म्हणत आलो, त्याचीच मिजास करत आलो. मी म्हणालो, "सरळ आहे. एकदम सरळ."

तोवर सात आकडे संपले होते. पडद्यावर दुसरा सीन लागला होता.

म्हाताऱ्याने मुलाच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला. म्हणाला, "मंग ते लुगडं माहं नोहे गा."

उरलेला सिनेमा आम्ही तिघांनी कसा काढला ते सांगत नाही. पडद्यावर काय चाललं होतं ते मला आठवत नाही. मारोतराव एकदाही कुठल्या कपड्याबद्दल बोलले नाहीत.

बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडजवळच्या कडुनिंबाखालच्या पारावर बसलो. नागपूरची गाडी यायला अवकाश होता. मारोतरावांनी तीन कप चहा आणला, कोणी प्यायला नाही. मग ते एकदम म्हणाले, "बा, मी खोटं बोललो. दोन दात चुकले हायेत."

"आता मन नको राखू माहं," म्हातारा म्हणाला.

"मन नाही राखून राह्यलो, बा."

"मंघा बी राखलं, आता बी राखून राह्यला."

मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, खरंच चुकले आहेत, मी पाहिले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी तं सरळ म्हनले होते." 

मारोतरावांनी मग बापाचं बोट धरलं आणि त्याच्याच धोतराच्या काठावर ठेवलं. गुडघ्यापाशी एका दातावर, मग चार बोटं खाली दुसऱ्या दातावर. "इथी एक. अन् इथी एक." म्हाताऱ्याने बोट तिथेच राहू दिलं.  मग विचारलं, "अन् तिसरा?"

मारोतराव गोंधळले. व्यापाऱ्याने दोनच दाखवले होते. पडद्यावर सहा दिवस रोज पाहून त्यांना दोनच दिसले होते. बापाची समजूतच काढायची असती तर हो म्हणायला काय लागत होतं? मी तर ओठावर आणलंही होतं.

"तिसरा नाही दिसला, बा," मारोतराव म्हणाले.

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. "नाहीच दिसत तो," तो म्हणाला. "तो निऱ्याईत जाते. दुकानातून घरी आलो तवा बोटानं मोजले होते मी. तीन होते. दोन तुमाले दिसले." आणि मग, धोतराचा काठ बोटांनी चाचपत, "माहंच हाये."

मारोतराव रडत होते. आवाज न करता रडणारा माणूस म्हाताऱ्याला दिसणार नव्हता आणि मी दुसरीकडे पाहत होतो, त्यामुळे त्यांना पुरेसं रडता आलं. दुकानातल्या त्या वाक्याची माफी त्यांनी मागितली नाही. म्हाताऱ्यानेही ते वाक्य काढलं नाही. मध्येच एकदा त्याने विचारलं, त्या बाईनं लुगडं कसं नेसलं होतं? मारोतराव म्हणाले, चांगलं नेसलं होतं बा, चापून-चोपून. म्हातारा म्हणाला, जड होतं ते, बसते अंगावर.

गाडीचा आवाज आला तेव्हा म्हातारा उठता उठता म्हणाला, "दोन वर्सं अगुदर लागली असती तं दिसलं असतं मले. काहून नाही आनली रे तवा? तू तं म्हनला होता, नागपूरले लागून राह्यली, तुले नेतो म्हनून."

मी पारावर बसलेलाच होतो. चौदा आणि चौदा मतं, माझं भाषण, ऑफिसचं हसणं, सगळं मला आठवलं. मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, मोजलं नाही. सातपेक्षा जास्तच असेल. मग बापाचा हात आपल्या खांद्यावर ठेवत ते म्हणाले, "तवा त्या फिल्लमचा डबाच नाही भेटला, बा. साहेबानं लय कोशिश केली."

म्हाताऱ्याने अंदाजाने माझ्या दिशेला हात जोडले.